एका मुठीत तीन गोळ्या

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हे पत्र आलं आहे. लिहिणारीचं वय २३, पहिलंच गरोदरपण, २२वा आठवडा सुरू. ग्रामीण रुग्णालयात नाव नोंदवताना झालेल्या तपासणीत एचआयव्ही असल्याचं कळलं. मग नवऱ्याची तपासणी झाली, त्यालाही निघाला. दीड महिन्यापासून दोघांच्या गोळ्या सुरू आहेत. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ आहेत, त्यांच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नाही. एआरटी केंद्राबाहेरच्या (जिथे एचआयव्हीवरच्या गोळ्या मिळतात) बाकावर भेटलेली एक बाई म्हणाली, "या गोळ्यायनं लेकरू वाळते." तिचं बाळ दोन किलोचं झालं होतं. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत तर हाडं ठिसूळ होतात, मेंदूत व्यंग येतं असंही सांगितलं होतं. तेव्हापासून, म्हणजे गेले दोन आठवडे, त्या गोळी एक दिवसाआड घेत आहेत. त्यांचे प्रश्न तीन. तब्येत चांगली आहे, तर बाळंतपणापर्यंत गोळ्या बंद ठेवल्यास बाळ चांगलं वाढेल का? अंगावर न पाजता डब्याचं दूध दिलं तर? आणि बाळ निगेटिव्ह निघालं तरी या गोळ्यांमुळे जन्मभर खुरटं राहील का? पत्राच्या शेवटी सहज एक ओळ आहे: "सगळे झोपले की ती गोळी, रक्तवाढीची लाल अन् कॅल्शियमची, तिन्ही एका मुठीत घेऊन गिळून टाकते."

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पुढे आहेत. पण तुमच्या बाळाच्या दृष्टीनं सगळ्यात निकडीची गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. ती त्या शेवटच्या ओळीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तुमची एआरटीची गोळी बहुधा टीएलडी असणार. नव्यानं उपचार सुरू होणाऱ्यांना सरकारी केंद्रातून आता हीच देतात, गरोदर बायांनासुद्धा. एका गोळीत तीन औषधं असतात: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम. डबीवर हीच नावं आहेत का ते बघा. यातलं डोल्युटेग्राव्हिर विषाणूला फार जोरात दाबतं, पण त्याची एक खोड आहे. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांपैकी काही पोटात सोबत आलं की ते त्याला चिकटून बसतं, आणि चिकटलेलं औषध आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. उपाशीपोटी सोबत घेतल्यावर रक्तात पोचणारं औषध कॅल्शियममुळे सुमारे ३९ टक्के आणि लोहामुळे सुमारे ५४ टक्के कमी होतं, असं मोजलेलं आहे. जेवून दोन-तीन तास झाल्यावर, सगळे झोपल्यावर तुम्ही तिन्ही गोळ्या एकदम गिळता. म्हणजे ज्या रात्री गोळी घेतलीत त्या रात्रीही ती पुरती लागू पडली नसेल. आणि गेल्या दोन आठवड्यांत एकाआड एक रात्र तर कोरडीच गेली.

हे सुधारायला नवीन औषध लागत नाही, पैसाही लागत नाही. फक्त वेळा बदलायच्या. लोह आणि कॅल्शियम मात्र बंद करू नका, बाळाच्या वजनासाठी ती दोन्ही हवीच आहेत. नियम एवढाच: टीएलडी ही लोह-कॅल्शियमच्या किमान दोन तास आधी किंवा किमान सहा तास नंतर घ्यायची. भरल्या जेवणासोबत घेतलं तर टीएलडी आणि कॅल्शियम किंवा लोह एकत्र चालतं, कारण अन्नामुळे तो अडथळा बराचसा निघून जातो. पण तुम्हाला चारचौघांत जेवताना ती डबी काढायची नाही, त्यामुळे तुमच्यासाठी दोनच वाटा उरतात.

पहिली वाट अशी. टीएलडी आहे तशी रात्री दहाला ठेवा आणि बाकीच्या दोन गोळ्या दिवसा, उघडपणे घ्या. लाल गोळी आणि कॅल्शियम गावातली प्रत्येक गरोदर बाई घेते, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. पहिली कॅल्शियमची गोळी सकाळी आठच्या न्याहारीसोबत, लाल गोळी अकराच्या सुमारास, दुसरी कॅल्शियमची दुपारी दोनच्या आत जेवणासोबत. लोह आणि कॅल्शियम आपसातही भांडतात, म्हणून त्यांच्यात दोन तासांचं अंतर हवं. लाल गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. कापूस वेचायला जात असाल तर गोळी शिदोरीच्या फडक्यात बांधून न्या. या वाटेनं संध्याकाळच्या जेवणासोबत कॅल्शियम घेता येणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी वाट म्हणजे टीएलडी पहाटे साडेपाचला, घर उठायच्या आत. मग कॅल्शियम सकाळी आठला आणि रात्रीच्या जेवणासोबत, लोह दुपारी. या औषधानं काहींची झोप उडते, त्यांनाही पहाट बरी पडते. रात्रीवरून पहाटेवर येताना मध्ये चोवीस तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. एकदा लवकर घेतली तर चालतं, उशिरा नको. केंद्रात समुपदेशकांना सांगून बदल करा, म्हणजे तो तुमच्या कार्डावर लिहिला जाईल. आणि छातीत जळजळ होते म्हणून पातळ ॲन्टासिड पीत असाल, तर त्यात मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम असतं. ते जेवणासोबतही चालत नाही. तिथे दोन तास आधी, सहा तास नंतर हा नियम कडक पाळायचा.

चुकलेल्या दिवसांचं काय, तर आजपासून रोज एक. मागची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. यापुढे कधी वेळ टळलीच तर आठवेल तेव्हा घ्या. गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासात उलटी झाली तर ती परत घ्या. आणि केंद्रात खरं ते सांगा: "दोन आठवडे एक दिवसाआड घेतली, लोहासोबत घेतली." तिथले लोक रागावतील ही भीती बहुतेकींना असते. एखादा रागावेलही. पण ही माहिती नसेल तर पुढच्या व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या तपासणीचा) अर्थच डॉक्टरांना लावता येणार नाही.

आता बाकावरच्या त्या बाईचं बोलणं. तिचं बाळ दोन किलोचं होतं, हे खरंच असेल. पण ते कितव्या आठवड्यात झालं? पस्तिसाव्या आठवड्यात दोन किलो आणि चाळिसाव्यात दोन किलो या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तिचं हिमोग्लोबिन किती होतं, तिला क्षय होता का, गोळ्या कधी सुरू झाल्या, गरोदरपणात तिचं स्वतःचं वजन किती वाढलं, यातलं काहीच आपल्याला माहीत नाही. आपल्या भागात एचआयव्ही नसलेल्या बायांचीही अडीच किलोच्या आतली बाळं काही कमी जन्मत नाहीत. तरीही "गोळीमुळे" हे कारण सगळ्यांना चटकन पटतं. गोळी दिसते, अशक्तपणा दिसत नाही.

तिच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही, असंही मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉमिस' या मोठ्या अभ्यासात भारतातल्याही बाया होत्या. गरोदरपणात झिडोव्हुडिन या एचआयव्हीवरच्या जुन्या औषधावर आधारलेले तीन औषधांचे उपचार घेणाऱ्या बायांमध्ये अडीच किलोच्या आतली बाळं २३ टक्के होती. एकट्या झिडोव्हुडिनवर असलेल्या बायांमध्ये ती १२ टक्के होती. हा फरक खरा आहे. पण त्याच अभ्यासात आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण तीन औषधांनी ०.५ टक्क्यावर आलं होतं, तर दुसऱ्या गटात ते १.८ टक्के होतं. आणि मुख्य म्हणजे तेव्हाच्या त्या उपचारांत लोपिनाविर नावाचं औषध होतं, तुमच्या गोळीत ते नाही.

तुमच्या गोळीबद्दलची भीती वेगळ्या ठिकाणाहून आली. २०१८ मध्ये बोट्सवानातल्या एका अभ्यासात गर्भ राहताना डोल्युटेग्राव्हिर सुरू असलेल्या ४२६ बायांपैकी चौघींच्या बाळांमध्ये मज्जारज्जूचं व्यंग आढळलं. जगभर खळबळ उडाली. व्हिडिओवाले अजून तिथेच अडकले आहेत. पुढे तिथेच हजारो बाळंतपणं मोजली गेली तसं ते प्रमाण खाली येत गेलं आणि इतर औषधांवरच्या बायांच्या बरोबरीला आलं. २०१९ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं गरोदर बायांसकट सगळ्यांसाठी हे पहिल्या पसंतीचं औषध ठरवलं. शिवाय ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू बनतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत बंद होते. तुमची गोळी सुरू झाली सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे ती भीती तुम्हाला लागूच होत नाही.

२०२१ मध्ये नऊ देशांतल्या ६४३ गरोदर बायांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही भारत होता. बाळंतपणाच्या वेळी डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्या ९८ टक्के बायांचा विषाणू पुरता दबलेला होता, जुन्या एफाव्हिरेन्झवरच्या ९१ टक्के बायांचा. तुमच्यासारख्याच मिश्रणावर गरोदरपणातल्या अडचणी जुन्या औषधाहून जास्त नव्हत्या. त्याच अभ्यासाच्या पुढच्या मांडणीत दिसलं की ज्या आईचं वजन गरोदरपणात पुरेसं वाढलं नाही, तिथे अडचणी जास्त होत्या. यावर पुढे येतो.

हाडांची गोष्ट टेनोफोविरमुळे निघते. जन्मतः बाळाच्या हाडांतला खनिजांचा साठा थोडा कमी असल्याचं काही अभ्यासांत मोजलं गेलं आहे. एका अमेरिकी अभ्यासात वर्षाच्या वयाला उंची आणि डोक्याचा घेर किंचित कमी दिसला, काहींमध्ये तसा फरक दिसला नाही. हे फरक यंत्रानं आणि अनेकांच्या सरासरीत दिसणारे आहेत. अशा मुलांची हाडं मोडतात, असं आढळलेलं नाही.

याच्या समोर गोळी बंद केल्यावर काय होतं ते ठेवा. उपचारच नसतील तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजणं मिळून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के. उपचार घेतले तर ते ५ टक्क्यांच्या आत येतं, आणि विषाणू शेवटपर्यंत दबलेला असेल तर साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी. गोळी थांबली की दोन-चार आठवड्यांत विषाणू पुन्हा वर येतो, म्हणजे नेमका शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणाच्या वेळी. "तब्येत चांगली आहे" हे तुम्ही गोळी थांबवायचं कारण म्हणून लिहिलं आहे. पण तब्येत चांगली आहे ती गोळी सुरू आहे म्हणूनही असू शकते. शिवाय लागण झालेलं, उपचार न मिळालेलं लेकरू जेवढं वाळतं, तेवढं कुठल्याही गोळीनं वाळत नाही. एक दिवसाआड घेणं तर बंद करण्यापेक्षा बरं वाटतं, पण ते फसवं आहे. अर्धवट औषधात विषाणू जिवंत राहतो आणि औषधाला सरावतो. पुढे तेच औषध तुम्हाला चालेनासं होऊ शकतं.

मग बाळाचं वजन वाढवायचं कसं? इथे तुमच्या हातात बरंच आहे.

आधी हिमोग्लोबिन. कार्डावर आकडा असेल. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, १० च्या खाली म्हणजे मध्यम, ७ च्या खाली म्हणजे तातडीनं रुग्णालय. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रोज एक, एकूण १८० दिवस. ७ ते ११ च्या मध्ये असाल तर रोज दोन देतात. जंताची अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दुसऱ्या तिमाहीत मिळते, घेतली नसेल तर मागून घ्या. महिनाभर लोह नीट घेऊनही आकडा हलला नाही तर सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते विचारा. विदर्भात हा प्रश्न विचारायचा राहता कामा नये. बाळाला झिडोव्हुडिन द्यायची वेळ आली तर त्याचाही संबंध येतो, कारण त्या औषधानं बाळाचं रक्त कमी होऊ शकतं.

मग तुमचं स्वतःचं वजन. सर्वसाधारण बांध्याच्या बाईचं गरोदरपणात नऊ ते अकरा किलो वाढायला हवं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करा आणि कार्डावर लिहून घ्या. दोन महिन्यांत काटा हलला नाही तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त हवं. एक जास्तीची भाकर, वाटीभर तुरीचं घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, जमलं तर अंडं किंवा पेलाभर दूध. अंबाडीची किंवा शेवग्याच्या पानाची भाजी, वर लिंबू पिळून. अंगणवाडीतून मिळणारा कोरडा आहार घरच्या चिवड्यात वाटून टाकू नका, तो तुमच्या वाट्याचा आहे. (घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर मागून जेवायची पद्धत या चार महिन्यांपुरती मोडली तर काही बिघडत नाही. भांडं घासायची वेळ तेवढी पुढे जाईल.) दुपारी दोन तास डाव्या कुशीवर आडवं व्हा. फवारणी सुरू असलेल्या वावरात जाऊ नका, फवारणीचे कपडे धुऊ नका. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा सगळ्यांना आठवत असेल.

आणि व्हायरल लोड. गरोदरपणात ही तपासणी ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान करतात. तुमच्या हिशेबानं ती आजपासून दहा आठवड्यांनी येते. तारीख आताच कॅलेंडरवर टिपून ठेवा आणि केंद्रात स्वतःहून मागा. बाळाला जन्मल्यावर कोणतं औषध आणि किती दिवस द्यायचं, हे त्या एका आकड्यावर ठरतं. आकडा १,००० च्या आत असेल तर बाळ कमी जोखमीचं धरतात आणि सहा आठवडे एकच औषध देतात, बहुधा नेव्हिरापिन. आकडा जास्त असेल किंवा तपासणीच झाली नसेल तर बाळ जास्त जोखमीचं. मग नेव्हिरापिन आणि झिडोव्हुडिन दोन्ही, आणि अंगावर पाजत असाल तर बारा आठवडे. म्हणजे बाळाला कमीत कमी औषध लागावं असं तुम्हाला खरोखरच वाटत असेल, तर त्याची वाट तुमच्या रोजच्या गोळीतून जाते.

बाळंतपण रुग्णालयातच. १०२ ची गाडी फुकट येते, सरकारी रुग्णालयात बाळंतपणाला खर्च नाही, आजारी बाळाच्या उपचारालाही वर्षभर नाही. कळा सुरू झाल्या तरी त्या दिवसाची गोळी चुकवायची नाही, पिशवीत ठेवा. एचआयव्ही आहे एवढ्यावरून सिझेरियन करत नाहीत, ते इतर बायांना ज्या कारणांनी करतात त्याच कारणांनी करतात. प्रसूतिकक्षात गेल्याबरोबर सिस्टरना कार्ड दाखवा, म्हणजे बाळाचं औषध पहिल्या काही तासांतच सुरू होईल.

नेव्हिरापिनचं पातळ औषध १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतं. जन्मवजन अडीच किलोच्या वर असेल तर दिवसातून एकदा १.५ मिलिलिटर, दोन ते अडीच किलो असेल तर १ मिलिलिटर, दोन किलोच्या आत असेल तर किलोमागे २ मिलिग्रॅम. तुमच्या बाळाची मात्रा डॉक्टर लिहून देतील, पण हे आकडे माहीत असले की चूक तिथल्या तिथे पकडता येते. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सिरिंज हरवली म्हणून घरच्या चमच्यानं पाजणं. तो चमचा सहज ५ मिलिलिटरचा असतो, तिप्पट औषध जातं. दोन सिरिंज मागून आणा आणि तुमच्या बाळाला लिहून दिलेल्या मात्रेच्या रेघेवर नखपॉलिशनं खूण करा. बाटली आधी हलवा, गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू सोडा. झिडोव्हुडिनही सुरू असेल तर बाळाचं हिमोग्लोबिन तपासायला चौथ्या आठवड्याच्या सुमारास न्या. सासूबाईंनी विचारलं तर "डॉक्टरांनी सहा आठवडे रोज द्यायला सांगितलं आहे" एवढं पुरे. ते खोटंही नाही.

आता डब्याचं दूध. विषाणू अंगावरच्या दुधातून जातो म्हणून ते टाळावं, ही कल्पना चुकीची नाही, अपुरी आहे. सहा महिन्यांना सुमारे वीस किलो पावडर लागते, म्हणजे अर्ध्या किलोचे चाळीस डबे. शिवाय प्रत्येक वेळी उकळलेलं पाणी, स्वच्छ वाटी-चमचा आणि रात्री दोन वाजता पेटलेली चूल. यातलं एक जरी हुकलं तर जुलाब, आणि जुलाबानं लेकरू जितकं झपाट्यानं वाळतं तितकं दुसऱ्या कशानंही नाही. आई रोज गोळी घेत असेल, विषाणू दबलेला असेल, तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध हाच सल्ला आपल्याकडे दिला जातो. पुढे वरचं अन्न सुरू करून वर्षभर, आणि गोळ्या नियमित असतील तर त्यानंतरही पाजता येतं.

"फक्त" या शब्दावर सगळं आहे. अंगावरचंही आणि डब्याचंही, असं अर्धं-अर्धं करणं सगळ्यात वाईट. बाहेरचं दूध, पाणी, घुटी, मध यांनी तान्ह्या आतड्याचं नाजूक अस्तर चिडतं आणि विषाणूला आत शिरायला जागा मिळते. तुमचं बाळंतपण एप्रिलच्या मध्याला येतं. पारा ४४-४५ वर असेल, आणि घरातलं कुणी ना कुणी नक्की म्हणेल, "उन्हाळ्यात लेकराले पाणी पाजा लागते." नाही लागत. अंगावरच्या दुधात ८८ टक्के पाणीच असतं. दिवसातून सहा-सात वेळा फिकट लघवी होत असेल तर बाळाला पाणी पुरतं आहे. पाजायच्या वेळा वाढवा आणि पाणी तुम्ही प्या. हे सासूबाईंना तुम्ही सांगितलंत तर वाद होईल. नर्सबाईंकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. हा नियम गावातल्या प्रत्येक बाळाला आहे, त्यामुळे संशय येत नाही. स्तनाग्राला चीर पडून रक्त आलं किंवा गळू झालं तर त्या बाजूचं दूध पिळून टाका, दुसऱ्या बाजूनं पाजा आणि दाखवायला जा.

तिसरा प्रश्न, जन्मभर खुरटं राहण्याचा. एचआयव्ही असलेल्या आईच्या पोटी जन्मलेल्या, पण लागण न झालेल्या मुलांचा जगभर अभ्यास झाला आहे. गट म्हणून बघितलं तर त्यांचं जन्मवजन थोडं कमी असतं आणि पहिल्या वर्षात न्यूमोनिया-जुलाबानं ती जास्त वेळा आजारी पडतात. यात औषधाचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे. आईचा आजार, रक्त कमी असणं, घरातला क्षय, दूध लवकर तोडणं हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. आई लवकर उपचारावर आली आणि बाळ अंगावर पिऊन वाढलं की हा फरक बराच घटतो. म्हणजे धोका आहे तो पहिल्या वर्षाचा, जन्मभराचा शिक्का नव्हे. लक्ष त्या वर्षावर ठेवा.

जन्मानंतर चार-पाच दिवस बाळाचं वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरतं. ते दोन आठवड्यांत भरून यायला हवं. पुढे पहिले तीन महिने दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम, पाच महिन्यांना जन्मवजनाच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट. बाळ दोन-सव्वादोन किलोचं झालं तरी हीच चाल धरली तर ते वाळत नाही, वाढतंच आहे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन वजन करतात. ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतून आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ती उभी केली आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या भेटी टाळू नका. आशाताईंना तुमचा आजार सांगितलाच पाहिजे असं नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही माहिती कुणी फोडू शकत नाही. तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

लसी इतर बाळांसारख्याच आणि वेळेवर. जन्मतः बीसीजीही द्यायची. सहाव्या आठवड्याला टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पीसीआर, म्हणजे थेट विषाणूच शोधणारी तपासणी होते. त्याच भेटीत कोट्रायमोक्साझोल हे जंतुसंसर्ग टाळणारं औषध सुरू होतं. पुढे सहा, बारा आणि अठरा महिन्यांना तपासण्या असतात, आणि दूध तोडल्यावर काही आठवड्यांनी आणखी एक. मधल्या काळात धास्तीनं तालुक्याच्या खाजगी लॅबमध्ये बाळाची साधी अँटीबॉडी चाचणी करू नका. आईच्या अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रथिनं) बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे चाचणी पॉझिटिव्ह येते आणि घरात विनाकारण रडारड होते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त असेल, बाळ ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, तर त्याच तासाला निघा.

राहिलं माहेर. पहिलं बाळंतपण, म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात नेतीलच. माहेर दुसऱ्या तालुक्यात असेल तर निघायच्या महिनाभर आधी केंद्रात सांगा. ते तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देऊ शकतात किंवा माहेराजवळच्या केंद्राच्या नावे पत्र देतात. ३२व्या आठवड्याची व्हायरल लोड तपासणी नेमकी या जाण्या-येण्यात राहून जाते, म्हणून जमलं तर ती सासरी करूनच निघा. गोळ्या मूळ डबीतून काढून पुडीत बांधू नका, ओल लागते. डबी कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवा. रात्री-अपरात्री शंका आली तर १०९७ वर फोन करा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगावं लागत नाही.